दोन इंजिनांची एक बोट



दोघांचे जमत नसेल तर कोणी कोणाशी जुळवून घ्यावे? हा प्रश्न आपल्या घरांत रोज कोठे ना कोठे उभा असतो. नवरा-बायको, दोन भाऊ, सासू-सून, कार्यालयात एकाच टेबलावर बसणारे दोघे, एखाद्या संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव. विचारले की आपण पटकन सांगतो, जो समजूतदार असेल त्याने घ्यावे. ऐकायला हे उत्तर बरे वाटते आणि सांगणाऱ्याचे त्यात काही जातही नाही. ते कितपत खरे आहे याचा विचार आम्ही एका वेगळ्याच वाटेने करणार आहोत. ती वाट दोन इंजिनांच्या बोटीवरून जाते.

दिंडोशीला समुद्र नाही. आपल्याकडे डोंगर आहे, द्रुतगती महामार्ग आहे, २०२२ पासून मेट्रोचे स्टेशनही आहे. पावसाळ्यात मालाडचा सबवे तुंबला की घडतो तेवढाच आपला जलप्रवास. पण आपल्यापैकी कित्येकांची मुळे मढ, मनोरी, गोराई, उत्तन, वसई अशा किनाऱ्यावरच्या गावांत आहेत आणि इंजिनाचा आवाज ऐकून बोट कोणाची ते सांगणारी माणसे अजून आपल्या नात्यागोत्यात आहेत. मासेमारीच्या बहुतेक होड्यांना इंजिन एकच असते, म्हणून तेथे आमचा प्रश्न उद्भवत नाही. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणारे कॅटामरान मात्र आपण पाहिले असेल. त्याला खाली दोन अरुंद तळ असतात आणि प्रत्येक तळात एक इंजिन, एक दांडा, एक पंखा. बोट एक, प्रवासी तेच, जायचे ठिकाणही एकच. ढकलणारे मात्र दोघे.

या दोघांचा वेग थोडा जरी वेगळा असला तरी एक विशिष्ट आवाज सुरू होतो. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घुंऽऽ… घुंऽऽ… असा. बोटीचा हेलकावा वेगळा, हा आवाजाचा हेलकावा. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की कधी ते एकमेकांना भर देतात, तर कधी एकमेकांना खातात, त्यामुळे हे होते. जेवढा फरक जास्त, तेवढे हेलकावे जलद. फरक कमी होत गेला की हेलकावा लांबत जातो आणि दोन्ही इंजिने एका वेगावर आली की नाहीसा होतो. जुने ड्रायव्हर यावरूनच कानाने इंजिने जुळवत आणि अजूनही अनेकजण जुळवतात.

कान किती बारीक काम करतो ते आकड्यांतच पाहावे. सहा सिलिंडरचे साधे फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन मिनिटाला १८०० फेरे करत असेल, तर सेकंदाला त्याचे ९० स्फोट होतात. शेजारचे इंजिन १७८० वर असेल तर ८९. फरक सेकंदाला एकाचा, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. समोरच्या मीटरवर शंभर-शंभरच्या खुणा असतात. त्यावर वीस फेऱ्यांचा फरक म्हणजे काट्याच्या जाडीएवढा. मीटर पाहणारा म्हणेल, दोन्ही सारखेच आहेत. कानाला ते पटणार नाही. फरक दोनच फेऱ्यांचा राहिला तरी दहा सेकंदांनी एकदा आवाज फुगतो आणि सवयीच्या कानाला तेवढेही कळते.

कोणी म्हणेल, वीस फेऱ्यांनी काय बिघडते? बिघडते. तासभर ते घुमणे ऐकले की डोके जड होते, बोटीच्या फळ्या आणि पत्रे त्याच तालात थरथरत राहतात. फरक जास्त असेल तर जोराच्या बाजूने ढकलली गेलेली बोट दुसरीकडे वळू पाहते आणि सारंगाला सुकाणू सतत थोडे तिरपे धरावे लागते. तिरपे सुकाणू पाणी अडवते, म्हणजे तेल जास्त जळते. काही दिवसांनी त्याच्या हाताला त्याची सवय होते आणि आपण सुकाणू तिरपे धरले आहे हेच तो विसरतो.

विमानातही हेच. भारतात १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. त्या काळच्या डाकोटा विमानांना दोन इंजिने होती. अशा विमानांचे वैमानिकही पंख्यांचे फेरे कानाने जुळवत. हेलकावा तसाच राहू दिला तर अंधारातल्या लांबच्या प्रवासात तो सोसवत नसे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवासी रात्री येणारी जर्मन बॉम्बफेकी विमाने अशाच फुगणाऱ्या-ओसरणाऱ्या आवाजावरून ओळखत. शत्रू मुद्दाम इंजिने बेसूर ठेवतो असा तेथे समज होता. आवाज एकच, पण कोठे त्याने झोप उडे आणि कोठे काळजाचा ठोका चुके.

आता मुद्द्याची गोष्ट. हेलकावा ऐकून दोघांत फरक आहे हे कळते. किती फरक आहे हेही कळते. पण वेगवान कोण आणि मंद कोण, हे त्या आवाजातून मुळीच कळत नाही. डावे १८०० आणि उजवे १७८० असो, की डावे १७८० आणि उजवे १८०० असो, हेलकावा हुबेहूब तोच. जगातला सर्वांत तयार कानही त्यावरून दोषी ठरवू शकत नाही.

आपण मात्र ठरवतो. शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला की दोन मिनिटांत आपला निकाल तयार असतो. तिचे तोंडच फार, किंवा तो आहेच तसा. आपल्या दिंडोशीतच न्यायालय आहे आणि तेथे एखाद्या दाव्याला वर्षे लागतात. साक्षी होतात, कागद तपासले जातात, उलटतपासणी होते. आपल्या जिन्यात तोच निकाल भाजी निवडता निवडता लागतो. आवाजाने आपल्याला दिलेली माहिती एवढीच असते की येथे दोन वेग आहेत. उरलेले सगळे आपण पदरचे घालतो.

मग ड्रायव्हर काय करतो? त्याची रीत साधी आहे. एका इंजिनाला हात लावायचा नाही. दुसऱ्याची रेस अगदी थोडी हलवायची आणि ऐकायचे. हेलकावा लांबला तर दिशा बरोबर, जलद झाला तर उलट दिशेने यायचे. दोन्ही दांडे एकाच वेळी हलवायचे नाहीत, कारण मग काय केल्याने काय झाले हे कळत नाही. हलवले की थांबायचे. डिझेल इंजिन नव्या वेगावर स्थिर व्हायला थोडा अवधी घेते. वारा फिरला, भरतीचे पाणी बदलले, माणसे एका बाजूला जमली की पुन्हा ऐकायचे. जुळलेली इंजिने जुळलेलीच राहतील अशी कोणतीही हमी नाही. निव्वळ चाचपडून शोधायची ही रीत आहे आणि त्यात आरोपाला जागाच नाही. दांडा पुढे केला याचा अर्थ ‘तू मंद होतास’ असा होत नाही. पुढे करून पाहिले, एवढाच.

हे ज्ञान फक्त बोटीचे नाही. मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जात लावतात आणि त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. एक तार पक्की धरून दुसरीची खुंटी पिळायची, मग मणी सरकवून बारीक काम करायचे आणि दोन तारांमधली थरथर संपेपर्यंत ऐकत राहायचे, हीच तेथेही रीत. फ्रान्समध्ये सुमारे १७०० साली जोझेफ सोव्हर नावाच्या गणितज्ञाने ऑर्गनच्या दोन नळ्या एकत्र वाजवून त्यांचे हेलकावे मोजले आणि त्यावरून सुराची कंपनसंख्या काढली. या माणसाला लहानपणी सात वर्षांपर्यंत बोलता येत नव्हते आणि त्याचे कानही धड नव्हते. सुरांच्या कामात त्याला इतरांच्या कानांवर विसंबावे लागे. ध्वनीच्या शास्त्राचा एक पाया अशा माणसाने घातला हे आम्हाला फार बोलके वाटते. ज्याचा स्वतःच्या कानावर भरवसा नव्हता, त्याने मोजायचे ठरवले.

ऑर्गनचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगून टाकतो, कारण गायकवृंदातील मंडळी आम्हाला विचारल्याशिवाय राहणार नाहीत. मोठ्या ऑर्गनमध्ये ‘व्हॉ सेलेस्त’ म्हणजे स्वर्गीय आवाज नावाची एक नळ्यांची रांग असते. ती मुद्दाम किंचित बेसूर लावलेली असते. दुसऱ्या रांगेबरोबर वाजली की तिच्यातून मंद, लहरता हेलकावा निघतो आणि ऐकणाऱ्याला गोड वाटतो. म्हणजे प्रत्येक हेलकावा नाहीसाच करायला हवा असे नाही. दोन स्वभाव थोडे वेगळे राहून एकत्र गोड वाजतात, असे संसार आपण पाहिले आहेत. पण तेथे फरक हौसेने ठेवलेला असतो आणि दोन्ही नळ्यांना हवा एकाच भात्यातून सारखी मिळत असते. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम पडेल.

ऐकायचे कोठे उभे राहून, हाही प्रश्न आहे. दोन आवाज सारख्या जोराने कानावर पडले तर हेलकावा स्पष्ट ऐकू येतो. डाव्या इंजिनाच्या झाकणावर बसलात तर डावेच ऐकू येईल. उजव्याचा आवाज त्यात बुडून जाईल, हेलकावा पुसट होईल आणि तुम्ही शपथेवर सांगाल की सगळे ठीक आहे. म्हणून इंजिने जुळवणारा माणूस दोहोंच्या मधोमध उभा राहतो. माहेरची माणसे एका झाकणावर बसलेली असतात, सासरची दुसऱ्या. दोन्हीकडची माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच एकच इंजिन ऐकू येत असते. मध्यस्थी करायला जाणाऱ्याने आधी आपण कोठे बसलो आहोत ते पाहिले, तर निम्मी मध्यस्थी तेथेच वाचेल. आपले धर्मगुरू, लग्नपूर्व शिबिरात बोलणारी जोडपी, वाडीतले वडीलधारे या सर्वांना हे लागू आहे. आम्हालाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणते इंजिन तसेच ठेवायचे आणि कोणते हलवायचे? आवाज तर दोषी सांगत नाही. मग ड्रायव्हर कोणत्या आधारावर ठरवतो? बऱ्याचदा सवयीने. पण जुन्या बोटींवर आणखी एक गोष्ट घडते. वर्षानुवर्षे खारे पाणी खाऊन एका बाजूची केबल घट्ट होते. तो दांडा हलवायचा तर जोर लावावा लागतो आणि हलला की एकदम जास्त हलतो. दुसरा मऊ असतो, बोटाने सरकतो. साहजिकच माणूस मऊ दांड्यालाच हात घालतो. आज घालतो, उद्या घालतो, आणि मग तो नियम होतो की जुळवायचे ते याच बाजूने.

‘थोडे ॲडजस्ट कर’ हे वाक्य आपण कोणाला म्हणतो ते आठवून पाहावे. ते आपण भांडकुदळ मुलाला म्हणत नाही, कारण तो ऐकणार नाही हे ठाऊक असते. समजूतदार मुलीला म्हणतो. दोन जावांमधल्या गरीब स्वभावाच्या जावेला म्हणतो. दोन भावांमध्ये जो आवाज चढवत नाही त्याला बाजूला घेऊन म्हणतो, ‘जाऊ दे रे, तू तरी समजून घे.’ आणि तो घेतो. आपल्याला वाटते, आपण शहाणपणाचा सल्ला दिला. आपण फक्त मऊ दांडा ओढलेला असतो. समजूतदाराने जुळवून घ्यावे या आपल्या लाडक्या उत्तराचा खरा अर्थ पुष्कळदा हाच असतो की ज्याला हलवणे सोपे, त्याने हलावे. समजूतदारपणा हा सद्‌गुण आहे यात शंका नाही. पण एखाद्याचा सद्‌गुण दुसऱ्याने सोयीचे हत्यार म्हणून वापरला तर तो वापरणाऱ्याचा सद्‌गुण ठरत नाही.

चांगला ड्रायव्हर वेगळ्या आधारावर ठरवतो. दोहोंपैकी एक इंजिन थकलेले असेल, १८०० वर नेले की गरम होत असेल आणि १७०० वर बरे चालत असेल, तर तो ते १७०० वरच ठेवतो आणि धडधाकट इंजिन खाली आणतो. ताकद आहे म्हणून मोठ्याने धावणे आणि दुसऱ्याला मागे ओढत नेणे, हे बोटीच्या गणितात बसत नाही. त्याने फक्त सुकाणू तिरपे होते. मांडवा दहा मिनिटे उशिरा येईल. पण येईल.

आपल्या शेतकऱ्यांनाही हे ठाऊक होते. बैलजोडीत एक बैल जोरदार आणि एक कमजोर असेल, तर नांगराची दांडी जुवाला बरोबर मध्यावर न बांधता जोरदार बैलाच्या बाजूला थोडी सरकवून बांधतात. मग जुवाचा लांब भाग कमजोर बैलाकडे येतो आणि त्याच्या मानेवर ओझे कमी पडते. दोघे सरळ रेषेत चालतात, तास सरळ पडतो. बायबलमधील अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरण्यास मनाई आहे. तिचा अर्थ पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे लावला आहे, पण नांगर धरलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागत नाही. गाढवाचे पाऊल बैलाच्या पावलाला पुरत नाही.

येथपर्यंत आपण इंजिने जुळवली. हेलकावा गेला, आवाज एकसंध झाला, प्रवासी डुलक्या घेऊ लागले. सगळे ठीक झाले का?

येथे एक अडचण आहे आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. दोन्ही इंजिनांचे फेरे सारखे असणे आणि दोघांवरचा भार सारखा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा उजव्या पंख्याला जाळ्याचा तुकडा अडकला आहे किंवा त्या तळाला शंख-शिंपले चिकटले आहेत. तो पंखा फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून इंजिन मंदावू पाहते. पण डिझेल इंजिनाला गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. त्याचे कामच हे की वेग पडू लागला की आपोआप जास्त तेल सोडायचे आणि ठरवलेले फेरे कायम राखायचे. गव्हर्नर तेल वाढवतो. उजवे इंजिन १८०० वरच राहते, डावेही १८०० वर. कान लावून ऐका, हेलकावा नाही. पण उजवे इंजिन त्याच वेगासाठी जास्त तेल जाळत आहे, जास्त तापत आहे, त्याचा धूर काळा येत आहे. फेरे राखता येतात तोवर ते ऐकू येईल अशी तक्रार करत नाही. एक दिवस ते भर समुद्रात बंद पडते आणि सगळे म्हणतात, काल तर छान चालत होते.

अशी घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. कोणाच्या घरी बोट दाखवण्याची गरज नाही. पहाटे पाणी येते तेव्हा उठणारी एक व्यक्ती असते. डबे तीच भरते, मुलांना तीच उठवते, मग कामावर जाते, लोकलच्या गर्दीत उभी राहून परत येते आणि चपला काढायच्या आत ओट्याशी उभी राहते. सासऱ्यांच्या गोळ्या संपल्या हे तिच्याच ध्यानात असते. त्या घरात भांडण नाही. वीस वर्षांत कोणी आवाज चढवलेला नाही. नवरा अभिमानाने सांगतो, आमच्यात कधी शब्दाने शब्द वाढला नाही, आणि ते अक्षरशः खरे आहे. हेलकावा नाहीच. पुरुषही असे असतात: घरात एकटा कमावता मोठा भाऊ, ज्याने स्वतःचे लग्न पुढे ढकलत ढकलत विषयच सोडून दिला. आणि संस्थांतही असतात. अहवालात समितीच्या दहा जणांची नावे छापून येतात. खुर्च्या मांडणारा आणि उचलणारा एकच असतो. तो हसतमुख असतो म्हणून कोणी मोजत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की घरातली शांतता ही चांगल्या संसाराची साक्ष म्हणून पुरेशी नाही. ती फक्त दोघांचे फेरे सारखे आहेत एवढे सांगते. कशाच्या बळावर सारखे आहेत ते सांगत नाही. भांडणाऱ्या जोडप्याची आपल्याला काळजी वाटते, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, कोणाला तरी त्यांच्याकडे पाठवतो. न भांडणाऱ्यांना आपण व्यासपीठावर बोलावून त्यांचा सत्कार करतो. यातला दुसरा भाग थोडा तपासून पाहायला हवा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. प्रेमात हिशेब कसला? विवाहाच्या मिस्सात आपण संत पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पत्र ऐकतो. प्रीती हिशेब ठेवत नाही, असाच त्याचा आशय आपण मनात घेऊन घरी येतो. पण तेथे कसला हिशेब म्हटला आहे ते नीट पाहावे. तो अपराधांचा आहे. समोरच्याने माझे काय वाईट केले याची वही प्रीती ठेवत नाही. समोरचा माझ्यासाठी काय वाहतो आहे, हे पाहूच नये असे तेथे कोठेही नाही. उलट आमचा अनुभव असा की अपराधांची वही न ठेवणारी माणसे दुसऱ्याच्या कष्टांची नोंद फार बारकाईने ठेवतात, आणि अपराधांची वही जाडजूड असणाऱ्यांना घरातला भात कोण शिजवतो याचा पत्ता नसतो.

आणि भार नेहमी सारखाच असावा असेही आम्ही म्हणत नाही. कोणाला लकवा झाला, कोणाची नोकरी गेली, कोणाचे मन काही महिने अंधारात गेले, तर दुसऱ्याने जास्त ओढायचेच असते. एक इंजिन पुरते बंद पडले तरी बोट थांबत नाही. ती निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने पुढे जाते, सुकाणू एका बाजूला धरून. अशी बोट चालवणारी माणसे आपल्यात आहेत आणि त्यांच्यापुढे आमची मान लवते. पण त्या बोटीवरच्या प्रत्येकाला, अगदी शेवटच्या बाकावरच्या प्रवाशालाही, ठाऊक असते की आज एकच इंजिन चालू आहे. कोणी त्याला दोन इंजिनांचा प्रवास म्हणत नाही आणि कोणी वेळापत्रक दाखवून घाई करत नाही. विषम भार सोसता येतो. तो कोणालाच दिसत नाही तेव्हा सोसणारा आतून झिजतो. ऑर्गनच्या दोन नळ्यांविषयी मघाशी म्हटले ते येथे आठवावे: हवा दोघांना सारखी मिळते आहे का, हा प्रश्न सूर जुळला की नाही या प्रश्नाहून वेगळा विचारावा लागतो.

आजकालच्या नव्या बोटींवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. बटण दाबले की दोन्ही इंजिने आपोआप एका वेगावर येतात, कानाची गरज उरत नाही. त्याच पडद्यावर प्रत्येक इंजिन तासाला किती तेल पिते आहे तेही दिसते. जुन्या ड्रायव्हरांना तो आकडा कोठून मिळणार? आवाजावर सगळे सोडून ते स्वस्थ बसत नसत. चालत्या बोटीत मागे जाऊन दोन्ही बाजूंचा धूर शेजारी शेजारी पाहायचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याखाली हात धरून पाहायचा, एकाखाली आणि मग दुसऱ्याखाली. आणि जेथे दोन इंजिनांना दोन वेगळ्या टाक्या असत, तेथे दिवसाची शेवटची फेरी झाली, माणसे उतरली, दोर बांधले की एक काठी घेऊन टाक्यांची झाकणे उघडायची. काठी तळापर्यंत सोडायची, वर काढून ओल कोठपर्यंत आली तेथे बोट धरायचे. काठी फडक्याने पुसायची. मग दुसऱ्या टाकीत.